विहिरीकडची पहिली ओळ

सुखदेवभाऊ, चूक माझी होती. तुमची नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली, आणि आज ते लिहून होतंय तर वाचायला तुम्ही नाही.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी धड काहीच केलेलं नाही. कामावर जातो, पानं मोजतो, आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. घरी बायको विचारते, काय झालं. सांगता येत नाही. सांगायला लागलं की सुरुवात त्या पोळ्याच्या आदल्या दिवसापासून करावी लागते, आणि तिथून पुढे मलाच माझं ऐकवत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितो. तुम्हाला काही समजावून सांगायची गरज नाही, तुम्हाला सगळं माहीत होतं. तेच तर अवघड आहे.

ऐंशी साली मी पांढुर्ण्याहून सौंसरच्या सरकारी रोपवाटिकेत क्षेत्र सहायक म्हणून आलो तेव्हा तुम्ही तिथे रोजंदारीवर आठ वर्षं काढलेली होती. पहिल्याच दिवशी मी प्रयोगाच्या बागेचा नकाशा हातात घेऊन उभा होतो. संत्र्याच्या नऊ ओळी. रस्त्याकडच्या तीन ओळींत झाडं अठरा-अठरा फुटांवर, मधल्या तीन ओळींत पंधरा फुटांवर, विहिरीकडच्या तीन ओळींत बारा फुटांवर. शोधायचं होतं ते एवढंच, की झाडांत अंतर किती ठेवलं आणि युरिया किती घातला म्हणजे पान किती वाढतं. तुम्ही नकाशात डोकावून पाहिलं आणि म्हणालात, "साहेब, हा कागद उलटा हाय."

मी म्हटलं, "उलटा कसा? ही रस्त्याकडची पहिली ओळ, ही नववी."

"पहिली ओळ विहिरीकडची असते ना बाप्पा. पाणी तिकडून येते."

तुमचं खरं होतं. सौंसरच्या कोणत्याही बागेत माणसं ओळी विहिरीकडूनच मोजतात, कारण पाणी ज्या ओळीला आधी लागतं ती पहिली. कागद काढणारा साहेब मोटारीने आला होता, त्याला रस्ता आधी लागला. मी हसलो आणि म्हणालो, तुम्ही तुमच्या मोजणीनं मोजा, मी कागदाच्या मोजणीनं लिहितो, सांगताना मी उलटवून सांगत जाईन. आणि मी सांगत गेलोही. वर्षभर, न चुकता. कागदावर तीन असेल तर तोंडाने सात म्हणायचं. सवय झाली होती.

त्या वर्षाची आठवण काढली की अजून बरं वाटतं, हे कबूल करतो. प्रत्येक झाडाच्या चार दिशांची चार पानं, फांदीच्या शेंड्यापासून चौथं पान. पान आलेखाच्या कागदावर ठेवायचं, पेन्सिलीने कडेने रेघ ओढायची, मग आतले चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी भरलेला सोडायचा. तुम्ही प्रौढांच्या वर्गात अक्षर शिकलेले, पण आकड्यांना घाबरत नव्हतात. आंब्याच्या सावलीत पोतं अंथरून तुम्ही मोजत बसायचात, ओठ हलायचे, आणि कोणी मध्ये बोललं की डावा हात वर करून थांबवायचात. माझे आणि तुमचे आकडे जुळले नाहीत तर तीनदा मोजून बहुतेक वेळा माझाच चुकलेला निघे. तुम्ही फक्त खोडरबर पुढे सरकवायचात.

मी एकदा मोठ्या ऐटीत तुम्हाला सांगितलं होतं, की पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. पान जेवढं मोठं तेवढं झाड सुखी. तुम्ही विचार करून म्हणालात, "चूल मोठी असली म्हनजे सैपाक चांगलाच होते, असं थोडंच हाय साहेब."

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. बारा फुटांच्या ओळींतलं पान कागदावर मोठं येत होतं. सगळ्यांत जास्त चौकोन तिथेच. मी खूश होतो. दाट लावा, एकरी झाडं जास्त, पानही मोठं, असा निष्कर्ष माझ्या डोक्यात तयार होता. तुम्ही मात्र एके दिवशी दोन पानं घेऊन आलात, एक बारा फुटांचं, एक अठरा फुटांचं. म्हणालात, "डोळे मिटा आन् हातात घ्या." मी घेतली. "आता सांगा, कोणतं जड हाय?"

दाटीतलं पान रुंद होतं, पण कागदासारखं पातळ. मोकळ्यातलं लहान आणि जाड.

"दाटीत त्याले ऊन भेटत नाही, म्हनून ते पसरून राह्यलं. भिकाऱ्यानं हात पसरावा तसं. तुम्ही त्याले मोठं म्हनता."

"पण आपल्याला चौकोन मोजायचे आहेत, सुखदेवभाऊ."

"मंग वजनही करा ना."

मी म्हटलं, वहीत वजनाचा रकाना नाही. तुम्ही म्हणालात, "रकाना कोनं आखला? मानसानंच ना? अजून एक आखा." मी नाही आखला. वरून आलेल्या वहीत आपण रकाना कसा वाढवायचा, हा विचारसुद्धा मला उद्धट वाटला. आता मी तोच रकाना आखतो, दरवर्षी, प्रत्येक प्रयोगात. नवे साहेब विचारतात, ही कल्पना कोणाची? मी काय उत्तर देत आलो ते तुम्हाला सांगायची लाज वाटते. मी म्हणत आलो, "अनुभवातून सुचलं."

आता त्या दिवसाचं.

पोळा दुसऱ्या दिवशी होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर दगडफेकीची गोटमार, म्हणजे रस्ते भरलेले, बस मिळाली तर मिळाली. मला दुपारच्या बसने घर गाठायचं होतं. आईने बैल सजवायला बेगड आणि झुलीचं कापड सौंसरहून आणायला सांगितलं होतं, ते पिशवीत होतं. आणि युरियाचा दुसरा हप्ता त्याच दिवशी घालायचा होता, पाऊस नुकता उघडला होता, जमीन ओली होती. नियमाप्रमाणे खत माझ्यासमोर घालायचं. मी घाईघाईने चिठ्ठी लिहिली. तीन, सहा, नऊ या ओळींना झाडामागे दोन डबे. दोन, पाच, आठ यांना एक डबा. एक, चार, सात यांना युरिया नाही, फक्त शेणखत. चिठ्ठी तुमच्या हातात दिली आणि फाटकाकडे निघालो.

तुम्ही मागून आलात. मला तो आवाज जसाच्या तसा आठवतो. "साहेब, हे आपल्या मोजणीनं लिवलं का कागदाच्या?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणालो, "तुमच्याच मोजणीनं. नेहमी तसंच सांगतो ना."

"एकदा पाहून घ्या ना."

"सुखदेवभाऊ, बस जाईल माझी."

मी पाहिलं नाही. त्या दिवशी मी उलटवलं नव्हतं, कागदावरून सरळ उतरवून दिलं होतं. नऊ ओळी उलट्या बाजूने मोजल्या की मधल्या ओळी तशाच राहतात आणि बाकीच्यांची नेमकी अदलाबदल होते. ज्यांना काही द्यायचं नव्हतं त्यांना दोन डबे गेले, आणि ज्यांना दोन डबे द्यायचे त्यांना नुसतं शेणखत. तुम्ही माझ्या शब्दाप्रमाणे एकेक झाडाच्या आळ्यात मोजून खत घातलं, मातीने झाकलं, आणि बैलांच्या सणाला मोहगावला गेलात. मी चार दिवसांनी परत आलो आणि नोंदवहीत लिहिलं, "माझ्या समक्ष खत दिले." खाली सही केली.

त्या सहीनेच पुढे मला बांधलं. चिठ्ठी चुकली हे एकवेळ कबूल करता आलं असतं. मी तिथे नव्हतोच, हे कबूल करायचं म्हणजे नोकरी.

तुम्हाला महिना-दीड महिन्यात कळलं. दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभे राहिलात, आत आला नाहीत. "साहेब, कागदावरच्या दोन डब्यावाल्या ओळीचं पान पिवळं दिसून राह्यलं. आन् कागदावरच्या शेनखतवाल्या ओळीचं पाहा, काळंशार, हातभर पालवी, त्यावर नागअळीनं नक्षी काढून ठेवली. आपली काहीतरी गफलत झाली."

तुम्ही "आपली" म्हणालात.

मी वही काढली, चिठ्ठीची नक्कल पाहिली, मी उलटवलंच नव्हतं. तुम्हाला म्हणालो, "आता लिहून झालंय. बोलू नका कुठे. मी पाहतो काय करायचं ते."

"तुम्ही पाहता ना? मंग ठीक हाय," म्हणालात आणि गेलात. एवढंच. मी पाहीन असं मी म्हटलं, तर मी पाहीन यावर तुमचा विश्वास बसला. मी काय पाहिलं? रोज सकाळी उठून ती पिवळी पानं पाहिली. मनात म्हणत राहिलो, तपासणीला कोणी येणारच नाही या वर्षी.

दिवाळीनंतर छिंदवाड्याहून मोठे साहेब आले. ओळीत शिरल्याबरोबर त्यांना दिसलं. न दिसण्यासारखं ते नव्हतंच. कागदावर शेणखताची असलेली झाडं हिरवीगार आणि दुप्पट खताची उपाशी. त्यांनी हातातलं पान माझ्यासमोर धरलं. "ये क्या है? खाद किसने डाली?"

तुम्ही माझ्या उजवीकडे उभे होतात, हातात मोजायची फूटपट्टी. बाकीचे मजूर जरा मागे.

मी म्हणालो, "सर, मी चिठ्ठी दिली होती. मजुराने उलटं घातलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सातवीतल्या मुलाने भलताच भागाकार केला तर मास्तर पाहतात तसं, कुठे चुकतोय हे शोधत. मग म्हणालात, "साहेब, मी इचारलं होतं तुमाले—"

आणि मी तुम्हाला मध्येच तोडलं. सुखदेवभाऊ, हे वाक्य मी आजपर्यंत कोणापुढे शब्दशः उच्चारलेलं नाही. मी म्हणालो, "काय विचारलं होतं? नऊपर्यंत मोजता येत नाही तुम्हाला आणि वर तोंड करून बोलता?"

मागे कोणीतरी हसलं. मोठे साहेब पुढे निघाले. त्यांनी तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. मला माहीत होतं ते विचारणार नाहीत. तुम्ही कोणत्या वस्तीतून येता आणि मी कोणत्या घरातून, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही, आणि माझं खोटं त्या माहितीवर उभं होतं. दुसरा कोणी माझ्या बरोबरीचा तिथे असता तर मी ते बोलायला धजलो नसतो. ही गोष्ट मला फार उशिरा स्वतःशी म्हणता आली.

त्या महिन्यात रोजंदारीवरच्या चार जणांना कायम करायची यादी वर जायची होती. तुमचं नाव पहिलं होतं. यादी गेली तेव्हा नावं तीनच होती. नोंदवहीत मी लिहिलं, "मजुराच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग बाधित." ते अक्षर माझंच आहे, सुबक, एकाही काटछाटीशिवाय.

तुम्ही दुसऱ्या आठवड्यापासून आला नाहीत.

पुढे मोहगावच्या बागांमध्ये तुम्ही मजुरीला जायला लागलात हे मला ऐकून कळलं. आणखी एक गोष्ट ऐकून कळली. तिथे तुम्हाला खताला हात लावू देत नव्हते. खणायला, आळी करायला, फळं तोडायला चालत होतं. खताचा डबा मात्र दुसऱ्याच्या हातात. बागायतदार गमतीने म्हणत, "सुखदेवले देऊ नका, उलटीकडून सुरू करीन." ज्या माणसाने माझे आकडे रोज दुरुस्त केले त्याला सगळा तालुका उलट मोजणारा म्हणून ओळखायला लागला. आणि हे नाव तुम्हाला मी ठेवलं होतं.

मी तुम्हाला टाळायचो. तुम्ही मला कधी टाळलं नाही. सौंसरच्या बस अड्ड्यावर लांबून हाक यायची, "जय भीम साहेब, पानं काय म्हनतात?" मी कसंबसं हसायचो. एकदा पांढुर्ण्याच्या बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारीच येऊन बसलात. सावरगावला कोणा नातेवाइकाकडे निघाला होतात. मी मनाशी ठरवलं, आज बोलायचं. पांढुर्णा येईपर्यंत बोलायचंच. पण तुम्ही खिडकीबाहेरची एक नवीन बाग दाखवली आणि म्हणालात, "पाहा, बारा फुटावर लावली ना? तुमच्या बुकातलं ऐकून राह्यले लोक."

"दहा वर्षांत तेवढ्याच जागेत दीडपट फळ घेतील, पाहाल तुम्ही."

"दहा वर्षांनं त्याइच्यात मानूस तं शिरून दाखवा. फांद्याले फांदी, खालून सगळं उघडं, वर चार पानं. माकडं बी म्हनतीन, बसाले जागा नाही."

मागच्या बाकावरची बाई हसली. मीही हसलो. मग आपण तासभर अंतरावर भांडत बसलो. मी म्हणे छाटणी केली तर चालतं, तुम्ही म्हणायचात झाडाचे हात कापून त्याला जागा देणं म्हणजे काय. उतरताना तुम्ही म्हणालात, "हे काही आज मिटत नाही." नाही मिटलं ते. ती बाग सहा-सात वर्षांची झालीये आता. परवा त्या रस्त्याने गेलो. खालच्या फांद्या वाळायला लागल्यात. त्या भांडणातही तुम्हीच बरोबर होतात, हे मी आता कोणाला सांगू?

आणि त्या दिवशी तासभर मी तुमच्याशी झाडांत किती फूट अंतर असावं यावर बोललो, पण जे बोलायचं होतं ते नाही.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही निरोप धाडून मला मोहगावला बोलावलं. मला वाटलं, आता जाब विचारणार. जवळजवळ बरं वाटलं. तुमच्या मेव्हण्याच्या शेतात नाल्याकाठी एक पट्टी होती. तिथे नऊ झाडं. तीन-तीनच्या तीन ओळी, चोख अठरा फुटांवर. तिथल्या एका ओळीला शेणखत, एकीला एक डबा, एकीला दोन. तुम्ही झोपडीतून वही आणली. मुलीच्या शाळेचे आलेखाचे कागद शिवून केलेली. त्यात पानं. प्रत्येक पानाची पेन्सिलीची रेघ, प्रत्येकात चौकोनांचा आकडा, आणि बाजूला, सुखदेवभाऊ, वजनाचा रकाना.

"वजन कुठे केलं?" मी विचारलं.

"सोनाराकडं. पयल्यांदा तो म्हने, पानं गहान ठेवाले आनले का? आता सवय झाली त्याले. मलेच म्हनते, आज पान हलकं भरून राह्यलं."

आपण दोघं हसलो. मग तुम्ही वही माझ्यासमोर ठेवलीत. "एक डब्यानं पान वाढते, जड बी होते. दोन डब्यानं नुसतं फुगते, आन् अळी धावून येते. हे मले पयलेच वाटे. पन तुम्ही मोजून पाहा. एक तरी चूक काढा, साहेब."

मी मोजलं. झाडाखाली बसून अकरा पानं मोजली. ओठ हलवत, तुमच्यासारखं. एकही चूक नव्हती. तुम्ही समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे पाहत होतात. वाट पाहत होतात. आता मला कळतं, ती नऊ झाडं तुम्ही संत्र्यासाठी लावलेलीच नव्हती. तुम्हाला एकच गोष्ट माझ्या तोंडून हवी होती, आणि ती मागायची तुमची पद्धत ही होती. पाच वर्षं झाडं वाढवून, पानं तोलून, वही शिवून.

मी वही मिटली आणि म्हणालो, "छान आहे. खूप छान काम आहे."

तुम्ही उठलात आणि म्हणालात, "चहा घेऊन जा."

मला या सात वर्षांत वाटेल तेवढ्या संधी मिळाल्या, पण त्या दिवसासारखी नाही. त्यानंतर मी एकदा एवढं केलं, की नोंदवहीतलं ते पान दुरुस्त करता येतं का हे पाहायला दप्तरात गेलो. बाबू म्हणाला, "तो प्रयोग बंद झाला, वही छिंदवाड्याला जमा. आता त्यात काय दुरुस्त करता?" मी म्हटलं, काही नाही, सहज. आणि बाहेर आलो. तेव्हा त्याच पावली सायकल मोहगावकडे वळवायला हवी होती. मी घरी गेलो.

तुमचा ताप तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी नागपूरला नेलं, बसमध्येच तुमचं बोलणं बंद झालं, असं नंतर कळलं. मी पांढुर्ण्याला होतो. मला बातमी बस अड्ड्यावर लागली, तीही कोणी मुद्दाम सांगितली नाही. पेरू विकणाऱ्या बाईने दुसऱ्या बाईला सांगितली आणि मी मध्ये उभा होतो.

जलदानविधीला मी मोहगावला आलो. तुमच्या अंगणात मांडव होता. तुमचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना झाली, पंचशील झालं. मग दोन शब्द बोलायला एकेक जण उठायला लागला. कोणी सांगितलं तुम्ही वस्तीतल्या मुलांना पाढे कसे शिकवत होतात, कोणी तुमच्या बसमधल्या गप्पा सांगितल्या. मग तुमच्याबरोबर मजुरीला असणारे एक म्हातारे उठले. रडत होते. खरंच रडत होते. म्हणाले, "लय चांगला मानूस. असा मानूस भेटत नाही. बस, एक डाव सरकारी बागेत ओळी उलट्या मोजल्या बिचाऱ्यानं, ते त्याले जन्मभर पुरलं." मांडवात माणसं हलकेच हसली. मायेनंच हसली. तुमची मुलगी मान खाली घालून बसली होती, तिने मान आणखी खाली घातली.

मी उठलो. पाय उठले असं म्हणावं, मी उठलो असं म्हणायची माझी लायकी नाही. आणि उठून काय बोललो? म्हणालो, "सुखदेवभाऊ फार हुशार होते. त्या बागेच्या वेळी जे झालं तो खरं म्हणजे एक गैरसमज होता..."

एवढ्यात शेवंतावहिनींचा आवाज आला. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज वाढवला नाही त्यांनी. "गैरसमज कोनाचा झालता, साहेब?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही, इचारून राह्यली. त्याइनं तं मले त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं होतं काय झालं ते. म्हने, साहेब घाबरलेत, सांगतीन दोन दिवसानं. मी त्याइले म्हनो, नाही सांगत. ते म्हनत, सांगतीन. हेच चालू होतं आमचं इतके वर्सं. म्हनून इचारते, गैरसमज कोनाचा?"

तुम्ही वाट पाहत होतात हे मला नाल्याकाठी कळलं होतं. पण तुम्ही माझ्या बाजूने घरात भांडत होतात, सात वर्षं, हे मला माहीत नव्हतं. तिथे मोहगावचे दोन-तीन बागायतदारही बसलेले होते, ज्यांनी तुम्हाला खताचा डबा दिला नाही. तुमची मुलगी आता वर पाहत होती.

मी तुमच्या फोटोकडे वळलो नाही. तुमच्याकडे पाहून बोललो असतो तर ते पुन्हा आपल्या दोघांतच राहिलं असतं. मी त्या लोकांकडे तोंड केलं आणि जे बोललो ते तुम्हाला इथे लिहून देतो, कारण तुम्ही ऐकलंत की नाही हे मला कधीच कळणार नाही.

मी म्हणालो, "गैरसमज कोणाचाच झाला नव्हता. मी खोटं बोललो. चिठ्ठी माझी चुकली होती. यांनी मला विचारलं होतं, मी न पाहता हो म्हणालो आणि बसने घरी निघून गेलो. खत घालताना मी तिथे नव्हतोच, सही खोटी केली. नंतर साहेबांपुढे यांच्यावर ढकललं, सगळ्यांसमोर यांना मोजता येत नाही म्हणालो, आणि यांची नोकरी गेली. सुखदेव यांनी एकही ओळ चुकीची मोजली नव्हती. त्या बागेत बरोबर मोजणारा माणूस एकच होता, तो हा. वहिनी, पोरी, मी तुमचा गुन्हेगार आहे. सुखदेवभाऊ, मला माफ करा."